पिठलं-भात समाविष्ट

बिल्डरांची पत्रकं लिहिण्यात माझी वीस वर्षं गेली. पनवेलच्या आसपास कुठेही इमारत उभी राहिली, की तिला 'स्टेशनपासून पाच मिनिटांवर' आणून ठेवायचं काम माझं. शिरढोणच्या पलीकडची एक इमारतसुद्धा मी पाच मिनिटांवर आणली होती; कोणत्या वाहनाने, हे ना बिल्डरने विचारलं ना गिऱ्हाइकाने. त्यामुळे एका तरुण मालकाने मला बोलावून, "लोकांना जे मुळीच नकोय ते हवंसं वाटेल असं लिहाल का?" असं विचारलं, तेव्हा मी चहा पितापिताच हो म्हणालो. विकायचं काय आहे ते नंतर विचारलं.

विकायची होती अंत्यविधीची सोय.

मालक पूर्वी लग्नं करून द्यायचा. मांडव, फुलं, जेवण, गाड्या, सगळं त्याचं. लॉकडाऊनमध्ये लग्नं थांबली आणि मयती थांबल्या नाहीत. नवीन पनवेलच्या सेक्टरांमध्ये त्याने तेव्हा जे पाहिलं त्याने तो खरोखर हादरला होता. हे मी मुद्दाम त्याच्या बाजूने सांगतो, कारण पुढे मी त्याच्यावर रागावणार आहे. मुलगा-सून परदेशात, आणि तिसऱ्या मजल्यावर एकटी म्हातारी नवऱ्याच्या उशाशी बसलेली. दाखला कोण देतो, गाडी कुठून मागवायची, तिला काही ठाऊक नाही. मालकाने ठरवलं की माणसाने जिवंतपणीच फॉर्म भरून ठेवायचा. वेळ आली की घरच्यांनी एक फोन करायचा, पुढचं सगळं कंपनी बघेल. डॉक्टर आणि दाखल्यापासून अस्थींपर्यंत सगळं. खांदा द्यायला चार माणसंसुद्धा आमचीच. आणि परदेशातल्या मुलाला हे सगळं मोबाइलवर बघता येणार.

कल्पना चांगली होती, आजही मी तिला वाईट म्हणणार नाही. पण घ्यायला कुणी तयार नव्हतं.

पहिलं पत्रक रविवारच्या पेपरात घालून वाटलं. आठ वाजल्यापासून शिव्यांचे फोन सुरू झाले. "घरात म्हातारी आई आहे माझी, तिच्या हातात पडलं हे! शुभ बोल रे नाऱ्या म्हणतात ते तुमच्यासारख्यांनाच." आणखी एकाने पत्रकावर गंगाजल शिंपडून मग ते कचऱ्यात टाकलं आणि तसं केल्याचं मला फोन करून कळवलं. मला राग आला, पण त्यांचं तरी काय चुकलं? आपल्या भाषेत दिवा विझवत नाहीत, मालवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. संध्याकाळी दुकान बंद करायचं तर तेही वाढवायचं. अशा भाषेत मी मरण विकायला निघालो होतो.

दुसऱ्या पत्रकात तो विषयच टाळला. 'अंतिम प्रवास, निश्चिंत प्रवास' असं लिहिलं आणि एका गृहोपयोगी वस्तूंच्या प्रदर्शनात लोणची आणि पायपुसण्यांच्या मधोमध टेबल मांडून बसलो. एक आजी आल्या. त्यांनी पत्रक हातभर लांब धरून वाचलं.

"यात चारधाम आहे का हो?"

"नाही आजी."

"मग कुठे नेता?"

त्या आपल्या खुर्ची ओढून बसल्याच. "मला जायचंय हो, पण गुडघे चालू देत नाहीत. उचलून न्यायची सोय आहे का तुमच्याकडे?"

सोय होती. पण मला काही ते बोलवेना. मी त्यांना शेजारच्या टेबलावरचं आवळा लोणचं घेऊन दिलं आणि दुपारीच गाशा गुंडाळला. मालक म्हणाला, "काका, लोकांना गरज आहे, फक्त ती त्यांना माहीत नाही. ती त्यांना सांगणं एवढंच तुमचं काम." माझ्या मुलाच्या वयाचा माणूस मला माझं काम शिकवत होता.

मग एका ज्येष्ठ नागरिक संघात गेलो. बागेशेजारच्या हॉलमध्ये त्यांची दर आठवड्याला बैठक असायची. आधी रक्तदाब तपासायचा, मग कुणाचं तरी भाषण, शेवटी त्या आठवड्यातले वाढदिवस. भाषणाच्या जागी मला उभं केलं. मी बोलत होतो आणि मंडळी चहाच्या थर्मासकडे बघत होती. शेवटी तिसऱ्या रांगेतले एक काका उठले. पाताळगंगेच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळून निवृत्त झालेले, खिशाला दोन पेनं, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं.

"तुम्ही उगाच घाबरवताय," ते म्हणाले. "या वयात मरणाला कोण घाबरतंय? एवढंच वाटतं, की आपल्यामुळे कुणाला त्रास नको."

हॉलभर माना हलल्या. इतका वेळ चहाकडे बघणारे लोक एकदम बोलायला लागले. हो ना, त्रास नको. मुलांना नको, शेजाऱ्यांना तर मुळीच नको. एक बाई म्हणाल्या, "मी देवाजवळ दुसरं काही मागतच नाही."

खपणारा शब्द कानावर पडला की मला कळतो. एवढी एकच विद्या माझ्याजवळ आहे. ही सगळी दादर, पुणे, सातारा अशा ठिकाणांहून इथल्या फ्लॅटमध्ये आलेली माणसं. समोरच्या दारात विरजण मागायलासुद्धा संकोचणारी. त्यांना सोय नको होती, त्यांना कुणाचे उपकार नको होते. मी त्याच दिवशी नवं पत्रक लिहिलं: 'आयुष्यभर कुणाला त्रास दिला नाही. शेवटीही नको.'

दुसऱ्या दिवसापासून फोन आले. हळू आवाजात बोलायचे, बहुतेक बाथरूमचं दार लावून. पण फोन आले.

पहिला फॉर्म त्याच काकांनी भरला. मी त्यांच्या घरी गेलो. दुसरा मजला, एका मजल्यावर दोनच फ्लॅट. समोर पन्नाशीचं एक जोडपं राहायचं, दोघंही नोकरीला, सकाळी सातला घर सोडणारं. काकांनी फॉर्म सुवाच्य अक्षरात भरला, एकही खाडाखोड नाही. काकू चहा घेऊन आल्या, सगळं ऐकत बसल्या आणि शेवटी त्यांनी विचारलं, "आणि पिठलं-भात?"

मला आधी कळलंच नाही.

ज्या घरातून माणूस जातो त्या घरात त्या दिवशी गॅस पेटवत नाहीत. शेजारची बाई पिठलं-भात करून आणते. कुणी तिला सांगत नाही, विचारत नाही. ती पातेलं ठेवते, सगळ्यांना दोन घास खायला लावते, आणि रडणारं माणूसही तिच्या धाकाने खातं. हे मी लहानपणापासून बघितलेलं, पण सोयीच्या यादीत घालायची गोष्ट म्हणून माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

"समोरची दमून येते हो संध्याकाळी," काकू म्हणाल्या. "तिला कशाला वेठीला धरायचं? तुमच्याकडून होईल का?"

"चांगला मुद्दा काढलास," काका म्हणाले आणि मला समासात लिहून घ्यायला लावलं.

मालक तर खुर्चीवरून उठलाच. लग्नांचा आचारी त्याच्याकडे अजून होता. पुढच्या पत्रकात खाली ठळक अक्षरात ओळ आली: 'पिठलं-भात समाविष्ट.' जुन्या पनवेलचा माझा नेहमीचा छापखानेवाला प्रूफ बघून म्हणाला, "साहेब, वाचून भूक पण लागते आणि लाज पण वाटते." मला मात्र त्या ओळीचा अभिमान वाटला होता. खोटं कशाला सांगू, मी ती ओळ बायकोला वाचून दाखवली होती.

फॉर्मच्या मागे माझीच आणखी एक सूचना छापलेली होती: 'वेळ आल्यास सर्वप्रथम आम्हाला कळवा.' काकूंनी तो कागद फ्रिजच्या दाराला चुंबकाने लावला.

सहा-सात महिन्यांनी, एका शनिवारी सकाळी फोन आला. "मी बोलतेय," काकू म्हणाल्या, "हे हाक मारली तर उठत नाहीयेत. कागदावर तुमचा नंबर पहिला आहे, म्हणून केला." आवाज शांत होता. मी विचारलं, घरात कोण आहे? कुणी नाही. समोर सांगितलंत का? "नाही, शनिवार आहे ना. एक दिवस झोपायला मिळतं त्यांना."

काका गेलेले होते आणि काकूंनी समोरची बेल दाबली नव्हती. मी लिहिलेली सूचना त्यांनी पाळली होती.

आमचं काम चोख झालं. डॉक्टर आले, दाखला झाला, कॅनडातल्या मुलाशी बोलणं झालं. समोरच्यांना कळलं ते आमची माणसं जिन्याने तिरडीचं सामान वर आणायला लागली तेव्हा. समोरचे गृहस्थ शर्टाची बटणं लावत बाहेर आले, बायको मागून. "अहो, काकू, आम्हाला हाक तरी मारायची!" ती म्हणाली आणि काकूंना जवळ घेऊन बसली. काकू म्हणाल्या, "सगळं झालंय गं. तुम्ही काळजी करू नका."

उचलायची वेळ झाली. गृहस्थ पुढे आले, वाकले, बांबूला हात घातला. वरच्या मजल्यावरून उतरलेले दोन शेजारीही त्यांच्यामागे सरसावले. आणि मी म्हणालो, "राहू द्या साहेब, आमची माणसं आहेत. तुम्हाला त्रास नको."

आमच्या माणसांना शिकवायला हे वाक्य मीच लिहून दिलं होतं. तोंडात बसलं होतं, निघून गेलं. गृहस्थांनी हात काढून घेतला. "बरं," म्हणाले. मागचे दोघंही भिंतीला चिकटून उभे राहिले. आमचे चौघे कंपनीचे पांढरे टी-शर्ट घालून काकांना घेऊन उतरले, आणि शेजारी जिन्यात वाट करून देत राहिले. त्या गृहस्थांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखंही दिसलं आणि कुणीतरी अपमान केल्यासारखंही दिसलं. आमच्या गाडीत जागा बेताची होती. ती मंडळी फाटकापर्यंत आली आणि तिथेच थांबली.

आमच्या चौघांत एक वयस्कर माणूस होता, जासईच्या बाजूच्या गावचा. कंटेनरच्या यार्डातलं काम सुटलं म्हणून आमच्याकडे आलेला. गाडीत तो म्हणाला, "सायेब, आमच्या गावान मयत झाली तं कोनाला सांगायला लागत नाय. चुलीवरचा तवा उतरवून मानसा येतान. आमी हिकडं कोनाच्या बापाला उचलतो, आमाला म्हाईत पन नाय." मी म्हणालो, शहरात असंच असतं. तो म्हणाला, "नाय सायेब, ते बायेर आल्ते. तुमीच नको बोललाव." मी त्याच्यावर डाफरलो.

दुपारी मी कागदपत्रं द्यायला काकूंकडे परत गेलो तेव्हा जेवण पोचलं होतं. प्लास्टिकचे डबे, वर कंपनीचं चिकटपत्र. पाठोपाठ समोरची आली. हातात पातेलं, फडक्याने धरलेलं, झाकणाखालून वाफ येत होती. पिठल्याचा वास माझ्यापर्यंत आला. तिने टेबलावरचे डबे बघितले.

"अगंबाई, आलं का? बरं झालं."

"तू कशाला केलंस गं?" काकू म्हणाल्या. "उगाच तुला व्याप."

"नाही, सहज."

सहज! पिठलं-भात कुणी सहज करून आणतं? ती क्षणभर तशीच उभी राहिली. काकूंना वाटत होतं की तिला थांबवलं तर तिला अडकवल्यासारखं होईल. तिला वाटत होतं की ठेवलं तर लादल्यासारखं होईल. आणि मी, मूर्ख माणूस, तिचे दोन्ही हात गुंतलेत म्हणून तिच्यासाठी दार उघडून धरलं. दुखवट्याच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत, त्यामुळे ती काही न बोलता पातेलं घेऊन परत गेली.

त्या पातेल्याचा मी नंतर फार विचार केला. ते तिथे राहिलं असतं तर ती संध्याकाळी ते न्यायला आली असती. काकूंनी ते धुऊन ठेवलं असतं, आणि भरलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही म्हणून महिन्याभराने त्यात काहीतरी घालून पाठवलं असतं. शेजार म्हणतात तो असाच होतो, भांडी इकडून तिकडे जाऊन. आमचे डबे मात्र वापरून फेकून द्यायचे होते.

मुलगा चौथ्या दिवशी आला, तेराव्यापर्यंत राहिला. आईला घेऊन जायची त्याची तयारी होती, खरी तयारी होती. "तिकडे तुम्ही दोघं कामाला जाणार, मी तुमच्या गळ्यात कशाला?" म्हणून काकूंनी नकार दिला. जाताना त्याने इंटरनेटवर आमच्याबद्दल मोठा अभिप्राय लिहिला: शेजाऱ्यांनाही तोशीस पडू दिली नाही, असं त्यात होतं. मालकाने तो मोठा करून ऑफिसात लावला. तो वाचून आणखी फॉर्म आले.

काकूंचे फोन त्यानंतर सुरू झाले. आधी कामाचे होते. दाखल्याच्या आणखी प्रती कुठे मिळतील? पेन्शनच्या अर्जावर कुठे सही करायची? मग एकदा बाथरूमचा बल्ब. मग बरणीचं झाकण. पुढेपुढे काम काय ते त्यांना फोन लागल्यावर शोधावं लागायचं. "एक विचारायचं होतं," असं म्हणून त्या थांबायच्या आणि मला पलीकडे टीव्हीचा आवाज ऐकू यायचा.

मी जायचो. घर माझ्या वाटेवरच होतं. बल्ब लावायचो, चहा प्यायचो. एकदा विचारलं, "काकू, समोर का नाही सांगत? दोन पावलं आहेत."

"तिला ऑफिस असतं हो. तुमचं आपलं हे कामच आहे." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी समजावून सांगितलं, "म्हणजे तुम्हाला सांगताना मला अवघडल्यासारखं होत नाही."

मी तिथून निघालो आणि थेट समोरची बेल दाबली. शनिवार होता, ती घरीच होती. मी म्हणालो, वहिनी, काकू एकट्या पडल्यात, जरा डोकावत जा. ती गडबडली.

"मला रोज वाटतं हो. पण तुमची माणसं येतात ना? मला वाटलं, सगळं ठरलेलं असेल. आणि आता दोन महिने झाले. दुसऱ्या दिवशीही नाही गेले, दहाव्यालाही नाही गेले. आता कुठल्या तोंडाने जाऊ? नेलेलं पातेलं परत आणलं मी." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नाटकी बाई नव्हती ती. जायची मनापासून इच्छा होती आणि जायला निमित्त नव्हतं. निमित्त आम्ही डब्यात घालून विकलं होतं.

मग मी एक मूर्खपणा केला. मला वाटलं, एवढी वर्षं खोटं लिहिलं, आता एक खोटं बोलून बघू. पुढच्या रविवारी वहिनींना फोन केला, काकूंचं तुमच्याकडे काहीतरी काम आहे म्हणतात. काकूंना फोन केला, समोरच्या वहिनींना तुमच्याकडून काहीतरी हवंय. आणि मी मुद्दाम काकूंकडे जाऊन बसलो. अकराच्या सुमारास बेल वाजली. काकू लगबगीने गेल्या.

"ये ना. काय हवं होतं गं?"

"मला? नाही हो. तुमचं काहीतरी काम होतं ना?"

"माझं? नाही बाई. माझं काय असणार?"

दोघी उंबऱ्याच्या दोन बाजूंना उभ्या. मी आतून हाक मारली, "वहिनी, या ना, बसा ना." पण घर माझं नव्हतं. वहिनींना मी दिसलो नाही, नुसता आवाज ऐकू आला आणि त्यांना वाटलं, काकूंकडे कुणीतरी बसलंय. "बसलेत का कुणी? मग नंतर येते," त्या म्हणाल्या. "हो हो, सावकाश ये, कामं आटप," काकू म्हणाल्या. दार लागलं. काकू आत येऊन मला म्हणाल्या, "फार चांगली आहे हो पोर. एवढ्या कामातून विचारायला आली." त्यांचा चेहरा उजळला होता, आणि मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

दरम्यान मालकाने फोनची यादी पाहिली. काकू एकट्याच नव्हत्या. ज्या ज्या घरी आम्ही सगळं पार पाडलं होतं, तिथून मागे राहिलेल्या माणसांचे फोन येत होते. कुणाला मोबाइल चालू करून हवा होता, कुणाला देवळापर्यंत सोबत. मालकाने मला समोर बसवलं.

"काका, ही मागणी आहे. आपण मागितली नाही, ती आपणहून आली. आठवड्यातून दोनदा आपलं माणूस जाईल, तासभर बसेल, गप्पा मारेल. लिहा तुम्ही."

मी भडकलो. म्हणालो, "आपणहून नाही आली. आपण शेजाऱ्यांना घरी बसवलं, म्हणून आली. आधी पातेलं परत पाठवलं, आता पातेलं विकायचं?" त्याला पातेल्याचं काही कळलं नाही, पण तो रागावला नाही. त्याने फक्त विचारलं, "तुम्ही जाता ना त्या काकूंकडे? बरं वाटतं ना त्यांना? मग तेच. तुम्हाला काही झालं, तुम्ही गावाला गेलात, तर कोण जाणार? आपलं माणूस नेमाने जाईल."

मला काकूंकडे जायला दर वेळी जमत नव्हतंच. चार फोनांपैकी दोनदा मी 'बघतो' म्हणालो होतो. मी घरी जाऊन लिहायला बसलो आणि अर्ध्या तासात लिहून झालं. मला वाटलं होतं हात अडेल. अडला नाही.

फॉर्म घेऊन मी स्वतःच काकूंकडे गेलो. निदान मी सांगेन, नको असेल तर नको म्हणता येईल, असं मनात होतं. त्यांनी चष्मा लावून पत्रक शेवटपर्यंत वाचलं.

"तुम्ही येणार का?"

"नाही, एक मुलगी येईल. चांगली आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी."

"मग त्या दिवशी काहीतरी करून ठेवत जाईन खायला. तिला काय आवडतं?" त्या म्हणाल्या आणि सही करून टाकली. लगेच लेकाला फोन लावून त्यांनी मोठ्या आवाजात ते सांगितलंही; कुणीतरी येणार, यातच त्या खूश होत्या. मला त्यांना थांबवायचं होतं. पण थांबवून त्यांना दुसरं द्यायचं काय, ते मला माहीत नव्हतं.

बाहेर आलो तर समोरचं दार उघडं होतं. वहिनी जिन्यात आल्या, दार हळूच ओढून घेतलं आणि माझ्या हातातल्या पत्रकांकडे बघत हलक्या आवाजात म्हणाल्या, "काकूंनी मघाशी फोनवर लेकाला सांगितलं ते ऐकू आलं मला. आठवड्यातून दोनदा कुणीतरी येऊन बसणार म्हणून. खरंच असं असतं का?"

"असतं."

"चिपळूणला आहे का हो तुमचं हे? माझी आई असते तिकडे. एकटीच." त्यांनी माझ्या हातातलं एक पत्रक घेतलं. "इतकी माणसं आहेत त्या बिल्डिंगमध्ये, पण समोरचे शेजारी कधी दार उघडून विचारत नाहीत तिला. कशी असतात ना माणसं?"

त्या काकूंच्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. आता तरी कळेल, स्वतःचंच बोलणं कानावर पडेल, म्हणून थांबलो. त्या माझ्या उत्तराची वाट बघत होत्या.

"अजून नाही," मी म्हणालो. "पण तिकडून मागणी आली की सुरू करतील."

त्यांनी माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि त्या पत्रकाच्या मागे, जिन्याच्या कठड्यावर कागद टेकवून, आईचं नाव आणि पत्ता लिहून दिला.